आजीच्या ट्रंकेतले फोटो

प्रश्न : आजीच्या (वय ८४) लोखंडी ट्रंकेत तीसेक जुने फोटो सापडले. एक १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेचा आहे असं घरात सगळे म्हणतात, पांढऱ्या साड्यांतल्या बायका आहेत. काही अल्बमला चिकटलेत. यावर छोटी डॉक्युमेंटरी करायचीय, पण हातात फक्त मोबाईल आहे. काका म्हणतो, आपल्या फोटोत बघण्यासारखं काय आहे? सुरुवात कुठून करू? – एक वाचक, कल्याण

उत्तर : आजीपासून. स्कॅनिंग नंतर, फोटो अजून टिकतील, आजीचं सांगता येत नाही (सॉरी, पण खरंय). पंखा-टीव्ही बंद करा, मोबाईल स्टँडवर लावा, तिच्या हातात एकेक फोटो द्या आणि गप्प बसा. "हे कोण?" एवढंच विचारा, आणि मग "यात कोण नाहीये?" हे विसरू नका, घरातल्या बायका बऱ्याचदा तिथेच सापडतात.

चिकटलेले फोटो ओढू नका, पानासकट ६०० डीपीआयला (डीपीआय म्हणजे स्कॅन किती बारीक होतो त्याचं माप) स्कॅन करा. सुट्यांची मागची बाजूपण घ्या, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. लॅमिनेशन अजिबात नको.

आता दीक्षेचा फोटो. १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो लोक पांढऱ्या कपड्यांत आले होते हे बरोबर, पण पांढरी साडी नंतरही दरवर्षी नेसतातच की. मागे घुमट दिसतो का बघा, दीक्षाभूमीच्या स्तूपाचं उद्घाटन २००१ चं, म्हणजे पूर्ण स्तूप दिसला तर ५६ विसरा. पण तरी फोटो फिल्ममधून काढू नका, सगळं घर त्याला ५६ चा का म्हणतं ही गोष्ट मला तर जास्त भारी वाटते.

आणि काका. इंग्रजांनी १८६८ ते १८७५ मध्ये 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड छापले, त्यात माणसं म्हणजे जातीजमातीचे नमुने, उभं केलं आणि काढला फोटो. तुमच्या ट्रंकेत कुणी खिशाला पेन लावून, इस्त्रीचा शर्ट घालून, स्टुडिओवाल्याला स्वतःचे पैसे देऊन बसलेलं असेलच, तो फोटो काकापुढे ठेवा आणि कॅमेरा चालू ठेवा, तो जे बोलेल ते फिल्ममध्ये घ्या.

घाई नको, आनंद पटवर्धनांना 'जय भीम कॉम्रेड' ही डॉक्युमेंटरी करायला १४ वर्षं लागली, तुम्ही दहा मिनिटांचीच करा. नेटवर टाकायच्या आधी फोटोतल्या बाकीच्या घरांना विचारा, कुणी नको म्हटलं तर तो फोटो बाजूला. पहिला शो मात्र आजीच्या वस्तीतच लावा, "अगं ही तर आमची आत्या" म्हणून कुणीतरी उठतंच, तेव्हा रेकॉर्डर हाताशी असू द्या.