सीनिअर फेलोशिपचा अर्ज लिहिताना

सप्रेम नमस्कार.

सीनिअर फेलोशिपसाठी अर्ज करण्याचे तू मनावर घेतलेस याचा आनंद वाटला. तू पाठवलेला मसुदा दोनदा वाचला. लेखन प्रामाणिक आहे, परंतु त्यातून उभी राहते ती एक उत्तम शिक्षिका, आणि तेवढ्यासाठी ही फेलोशिप नाही. ब्रिटनमध्ये अ‍ॅडव्हान्स एचई ही संस्था असोसिएट फेलो, फेलो, सीनिअर फेलो आणि प्रिन्सिपल फेलो अशा चार पायऱ्यांवर विद्यापीठीय अध्यापकांना मान्यता देते (2018 पूर्वी हे काम हायर एज्युकेशन अकॅडमीकडे होते, म्हणूनच सीनिअर फेलोच्या नावापुढची अक्षरे अजून एसएफएचईए, म्हणजे ‘सीनिअर फेलो ऑफ द हायर एज्युकेशन अकॅडमी’, अशीच आहेत). तू चांगली शिकवतेस, याची पावती तुला दुसऱ्या पायरीवर केव्हाच मिळाली आहे. तिसऱ्या पायरीवर मुख्य प्रश्न असतो तो तुझ्यामुळे इतर जण कसे शिकवू लागले हा, आणि 2023 मध्ये सुधारलेल्या व्यावसायिक मानकांच्या आराखड्यात हा प्रभाव सातत्याने पडलेला असावा, अशी अपेक्षा आहे.

त्यामुळे पहिल्या दोन पानांवरची पदांची आणि समित्यांची यादी काढून टाक. वर्षानुवर्षे समितीवर राहून एक ओळही न बदलणारी माणसे आपण दोघांनीही पाहिली आहेत.

उलट, जी गोष्ट तू चार ओळींत उरकली आहेस, तीच तुझ्या अर्जाचा कणा व्हायला हवी. पहिल्या वर्षाच्या संख्याशास्त्राच्या मॉड्यूलचे अहवाल सहा जण तपासत होते, त्यांतले चौघे पीएच.डी.चे विद्यार्थी, सारख्याच दर्जाच्या अहवालाला एकाकडून 52 आणि दुसऱ्याकडून 67 गुण पडत, म्हणजे केवळ तपासणारा बदलल्याने विद्यार्थ्याची श्रेणी बदलत असे. तू तपासणीच्या आधी सर्वांना एका टेबलाभोवती बसवलेस, नावे झाकलेले तीन जुने अहवाल प्रत्येकाला स्वतंत्रपणे तपासायला दिलेस आणि मग गुणांत फरक नेमका कशामुळे पडला, हे ज्याचे त्याला बोलायला लावलेस. पुढच्या वर्षी अर्थशास्त्र विभागाने हीच रीत उचलली, आणि त्या चौघांपैकी एकीने तुझ्याच मदतीने असोसिएट फेलोशिप मिळवली. अर्जाला जोडायच्या दोन केस स्टडींपैकी पहिली हीच कर. कोणाच्या कामात काय बदलले आणि ते तुला कशावरून कळले, हे सविस्तर लिही. बाह्य परीक्षकाच्या अहवालातला अभिप्राय आणि अर्थशास्त्रातून आलेली ईमेल हे त्याचे पुरावे आहेत. विद्यार्थ्यांनी दिलेले गुणांकन इथे फारसे कामाचे नाही, कारण ते तुझ्या वर्गाबद्दल सांगते, सहकाऱ्यांच्या वर्गाबद्दल नाही.

मसुद्यात सगळीकडे ‘आम्ही ठरवले’, ‘आमच्या गटाने केले’ असे आहे. लहानपणापासून मीपणा वाईट म्हणून शिकलेल्या आपल्या माणसांना हे सुचणे स्वाभाविक आहे, परंतु अर्ज तपासणाऱ्याला त्यातून तुझा वाटा वेगळा काढता येत नाही. कल्पना कोणाची, विरोध कोणाचा आणि समजूत कोणी घातली, हे ज्याचे त्याला देऊन लिहिलेस, तर तुझा वाटा सांगताना कोणाचे श्रेय लाटल्यासारखे होणार नाही. पहिल्या बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्याने हा सारा वेळेचा अपव्यय ठरवला होता, तेही गाळू नकोस; त्याला तू कसे वळवलेस, यात तुझे नेतृत्व समितीच्या कोणत्याही इतिवृत्तापेक्षा अधिक दिसते.

शिफारसपत्रे दोन लागतील. विभागप्रमुखांचे पत्र वजनदार वाटते खरे, पण त्यांनी त्या टेबलाशी काय घडले ते पाहिलेले नाही. त्यांच्याऐवजी अर्थशास्त्रातल्या सहकाऱ्यांना विचार, आणि याच आठवड्यात विचार. एकदा परीक्षांचा हंगाम सुरू झाला की पत्र लिहायला कोणालाही सवड नसते. नवा मसुदा झाला की आधी केवळ पहिली केस स्टडी पाठव, बाकीचे नंतर पाहू.

तुझा,
जुना शिक्षक