पेट्रोल गाड्यांतून इंधनाची परतीची नळी का काढून टाकली?

मुख्य कारण टाकीतील पेट्रोल कमी तापावे व त्याची वाफ कमी व्हावी हे आहे. खर्चातील बचत त्यानंतर येते. जुन्या रचनेत पंप गरजेपेक्षा बरेच जास्त पेट्रोल पुढे पाठवीत असे आणि इंजेक्टरच्या रेलवरून (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरना ते पुरवणाऱ्या नळीवरून) उरलेले, इंजिनाच्या उष्णतेने तापलेले पेट्रोल पुन्हा टाकीत येत असे, त्यामुळे टाकी हळूहळू तापून वाफ वाढे व ती शोषणाऱ्या कोळशाच्या कॅनिस्टरवर भार येई. मी पुण्यात गाड्यांच्या दुरुस्तीचे काम करतो. एप्रिलच्या उन्हात कात्रजचा घाट ओलांडून आलेल्या अशा जुन्या गाडीच्या टाकीचे झाकण सैल करताच वाफेचा जोरदार फुसकारा येतो आणि टाकीचा पत्राही हाताला गरम लागतो. बाष्पीभवनाच्या चाचणीत, बंद कक्षात उभ्या केलेल्या गाडीतून निसटणारी वाफ ग्रॅममध्ये मोजली जाते. ही वाफ कमी करण्यासाठी पेट्रोलचा दाब ठरावीक राखणारा दाब-नियामक टाकीतील पंपाशेजारीच बसवण्यात आला, आणि जादा पेट्रोल इंजिनापर्यंत न जाता तिथूनच टाकीत उतरू लागले. एक लांब नळी आणि गळतीची शक्यता असलेले तिचे जोडही त्यामुळे वाचले. मात्र हे पेट्रोल गाड्यांपुरतेच खरे आहे. कॉमन रेल डिझेल इंजिनात (ज्यात सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळते) परतीची नळी आजही असते, ती निरुपयोगी समजून कधीही बंद करू नये.