आधी पाटात पाणी सोड

श्रावण वद्य पंचमी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि तुमच्या वाडीला ओढ्याचं पाणी आणणाऱ्या जुन्या पाटाचे फोटो मिळाले. चौथा फोटो मी बराच वेळ मोठा करून बघत बसले. चिऱ्याच्या सांध्यातून पिंपळ उगवलाय आणि त्याच्या मुळाने वरचा थर बाहेर ढकललाय. तो पिंपळ याच पावसात मुळासकट काढ. अजून बोटाएवढा आहे, पुढच्या वर्षी तुझं ऐकायचा नाही.

तू विचारलंयस, पाट वाचवायची मोहीम कुठून सुरू करू? पेपरात लिहू का, वारसा म्हणून अर्ज करू का, मुंबईकरांचा ग्रुप काढू का? सगळं कर, पण आधी पाटात पाणी सोड. यंदाच्या मार्गशीर्षात, अर्ध्या वाटेपर्यंत गेलं तरी चालेल.

तुमच्याकडे आठ वर्षं ओढ्यावर दरसालचं कच्चं धरण बांधलेलं नाही, म्हणजे तुझ्या वयाच्या मुलांनी पाट वाहताना नीटसा पाहिलेलाच नाही. त्यांना तो गटारासारखा दिसतो आणि त्यात त्यांचा दोष नाही. आमच्याकडे भात कापून झालं, पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी निवळलं, की वाडी एक दिवस ठरवते आणि घरटी एक माणूस येतो. गोटे रचायचे, फटीत ऐन-किंजळाचा पाला आणि पेंढा कोंबायचा, वरून चिखल थापायचा. पाणी हळूहळू चढतं आणि पाटाच्या तोंडातून आत शिरतं. त्या क्षणी म्हातारी माणसंसुद्धा पाण्याच्या पुढे पुढे चालू लागतात. पाणी आधी वाळका पाला उचलतं, मग मुठ्यांच्या (खेकड्यांच्या) बिळांत गुडगुडतं, दोन-चार ठिकाणी नाहीसंच होतं. तिथे पेंढा आणि चिकणमाती पायाने दाबायची, की पुन्हा वाट धरतं. पहिल्या घरच्या डोणीत (पाण्याच्या कुंडीत) धार पडेपर्यंत संध्याकाळ होते. हे एकदा बघितलेलं पोर पाटाला गटार म्हणत नाही. तू कितीही चांगला लेख लिहिलास तरी हे त्यातून होणार नाही.

दुसरं कारण कायद्याचं आहे. पाट दुसऱ्याच्या जमिनीतून जातो आणि तिथून पाणी नेण्याचा आपला हक्क वहिवाटीवर उभा असतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे २० वर्षं उघडपणे आणि अखंड वापर झाला की असा हक्क पक्का होतो (जमीन सरकारी असेल तर ३० वर्षं). आणि सलग २० वर्षं वापरलाच नाही तर तो विझतो. तुमची आठ गेली आहेत. म्हणून म्हणते, थोडं का होईना, पाणी वाहू दे, आणि वाहिलं त्याची तारखेसकट नोंद ठेव.

नोंदीचं मोल काय असतं ते इंग्लंडातल्या एका जुन्या कालव्याच्या गोष्टीवरून मला पटलं. शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्डला जाणारा हा कालवा मोडकळीला आला होता. १९५८ मध्ये तिथल्या काउंटी कौन्सिलने तो कायमचा बंद करायचं ठरवलं. म्हणणं असं, की गेल्या ३ वर्षांत यातून कोणी गेलेलंच नाही. कालवे वाचवणाऱ्या लोकांची एक संघटना तिकडे १९४६ पासून काम करत होती. त्यांच्या बाजूने पुढे आलं ते एक साधं तिकीट. दोघांनी त्या काळात लहानशा होडीने कालव्यातून जायचं शुल्क भरलं होतं आणि त्याची पावती जपून ठेवली होती. कोणीच गेलेलं नाही, हे म्हणणं तिथेच कोसळलं. १९५९ मध्ये सरकारने बंद करायची परवानगी नाकारली. मग स्वयंसेवक, सैनिक, इतकंच काय, तुरुंगातले कैदीसुद्धा गाळ उपसायला आले आणि १९६४ मध्ये कालवा पुन्हा खुला झाला. ती दोन माणसं मोहिमेसाठी गेली होती की नुसती मजेने, कोण जाणे. पण ती गेली आणि त्यांनी पावती ठेवली.

आपल्याकडे पावती नसते, वही असते. माझ्या सासूबाईंकडे पाटाचं पाणी घ्यायच्या पाळ्यांची वही होती. तिच्यात घड्याळाची वेळ नाही. ‘सोमवार, वरचं घर, उजाडल्यापासून सावली जोत्याच्या दुसऱ्या पायरीवर येईतो.’ पुढे कोणी पाळी कोणाला उसनी दिली, कोणाच्या घरी सुतक म्हणून कोणाचं पाणी कोणी घेतलं, सगळं आहे. अशी वही तुमच्या वाडीत कोणाच्या तरी माळ्यावर असेलच. ती शोध, पानापानाचा फोटो काढ आणि वही परत कर, मागून घेऊ नकोस. तहसीलमध्ये गावचा वाजिब-उल-अर्ज आहे का तेही बघ. पाण्याच्या आणि वाटेच्या रूढी त्यात नोंदवायच्या असतात. जुन्या कागदांत ‘पाटस्थळ’ (पाटाच्या पाण्यावर भिजणारी जमीन) हा शब्द सापडला तर त्या कागदाची सही-शिक्क्याची नक्कल लगेच घे. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर यायला हवं.

आता माझी चूक सांगते, कारण ती तुझ्याकडून होऊ नये असं मनापासून वाटतं. रस्ता रुंद करताना एका ठेकेदाराने आमचा सव्वाशे फूट पाट भरावाखाली गाडला. आम्ही निवेदनं दिली. पोच घेतली, फाईल केली, दर पंधरा दिवसांनी जाऊन आलो. साहेब बोलायला गोड होते, ‘बघतो’ म्हणायचे, आणि आम्हाला वाटायचं काम चाललंय. आठ महिन्यांनी वकिलांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पाट बुजवला ती तारीख कोणती? मी सांगितली आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. शेतीच्या पाण्याचा पाट कोणी अडवला तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. शेतकऱ्याला परवडणारा तोच मार्ग. पण अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. आमचे ते महिने निवेदनांत गेले होते. उरला तो दिवाणी दावा, वर्षानुवर्षांचा. त्या उन्हाळ्यात आमच्या चाळीस पोफळी गेल्या. पोफळीच्या खालच्या झावळ्या आधी पिवळ्या पडतात, मग शेंडाच मान टाकतो. कळशीने शिंपून चाळीस झाडं जगत नाहीत. मी ते करून पाहिलं.

म्हणून निवेदन दे, पण ज्या दिवशी पाट अडला त्या दिवशी कॅलेंडरवर खूण कर आणि पाचव्या महिन्यापर्यंत वाट बघत बसू नकोस.

पुढे आमचा पाट सुटला तो कोर्टामुळे नाही. रस्त्याखालच्या बाजूला एकांची आंब्याची बाग आहे. त्यांची बोअरवेल आहे, त्यांना पाटाची गरज नव्हती, आणि आम्ही त्यांना सरळ विरोधक ठरवून टाकलं होतं. भर बैठकीत त्यांच्याबद्दल वाटेल ते बोललो होतो. दोन वर्षांनी मी एकटी त्यांच्या ओटीवर जाऊन बसले. तेव्हा कळलं, पाट भरून वाहिला की जास्तीचं पाणी त्यांच्या कलमांच्या मुळाशी साचायचं, आणि हे ते पंधरा वर्षं सांगत होते. कोणी ऐकलंच नव्हतं. आम्ही तिथे चिऱ्याचा लहानसा सांडवा बांधून पाणी पऱ्याकडे वळवलं. त्यांनी आपल्या हद्दीतून नवा पाट काढू दिला, वर एक दिवस गडीही दिले. तुझ्या पत्रात ‘विरोध करणारे तिघं’ असा उल्लेख आहे. त्यांची नावं तू आदराने लिहिली आहेस, ते मला आवडलं. आधी त्यांच्याकडे जा. जाताना कागद नेऊ नकोस.

सह्यांचे कागद गणपतीत काढ. तुमच्या सातबाऱ्यावरचे निम्मे हिस्सेदार मुंबई-पुण्यात, ते एरवी फोनवर ‘बघू’ म्हणतात. आरती झाली की त्यांना पाटावर घेऊन जा. ज्यांनी लहानपणी त्या डोणीत आंघोळ केली आहे, ते तिथे उभे राहिले की आपण होऊन बोलू लागतात. मग २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांड. ठरावात ‘पाट जतन व्हावा’ एवढंच मोघम नको. कुठून कुठपर्यंत, किती घरं, किती बागा, कोणाच्या गट नंबरातून, हे सगळं लिहिलेलं असू दे.

आणि निधी मिळाला तर सिमेंटपासून सांभाळ. हे मी भांडून सांगते. आमच्या खालच्या वाडीत एका योजनेतून पाट आतून पूर्ण सिमेंटने लिंपला. पाणी जोरात पळू लागलं, सगळे खूश. दुसऱ्या उन्हाळ्यात पाटाकडेच्या दोन विहिरी एप्रिलमध्येच तळाला गेल्या. चिऱ्यातून झिरपणारं पाणीच त्या विहिरींना पोसत होतं. कोकणात चार महिन्यांत ३,००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि तरी आपण मे महिन्यात टँकरची वाट बघतो, कारण पाणी थांबत नाही. जिथे खरंच भगदाड आहे तिथे चिरा बदल, चुन्याने सांधा. बाकीचा पाट झिरपू दे.

वारशाचं शेवटी लिहिते, कारण तो विषय तुला जवळचा आहे आणि मला तुझा उत्साह मोडायचा नाही. मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव बघून ये. १५३० च्या सुमारास बांधलेला, काठावर भगवतीचं देऊळ. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. तो मान देणारी आंतरराष्ट्रीय संस्था सिंचन आणि निचऱ्याचं काम बघणारी आहे आणि शंभर वर्षांहून जुनी बांधकामंच ती विचारात घेते. देवळाच्या पायऱ्यांवर बसलीस की समोर चारशे-पाचशे वर्षांचं पाणी असतं आणि बाजूला कोणीतरी पाय धूत असतं. तुमच्या पाटासाठी अर्ज जरूर कर. त्याला जोडायचा फोटो मात्र वाहत्या पाटाचा असू दे.

धरणाचा दिवस ठरला की कळव. माझे गुडघे आता उतार मानत नाहीत, पण पाटाच्या कडेने चालायला जमतं, तिथे चढउतार नसतोच. सासूबाईंची वही घेऊन येते, पाळ्या कशा लिहायच्या ते बघून घे. पेंढा तुमच्याकडे कमी पडेल असं वाटतं, पन्नास पेंढ्या मी इथून पाठवते. ऐनाचा पाला आदल्या दिवशीच तोडून ठेव.

तुझी,
काकू