कोनासंगं बोलत नाही, मग धंदा कसा करन?

"मॅडम, थो कोनासंगं बोलतच नाही. गिऱ्हाइकाले काय सांगन? लोकं लुटून खातीन त्याले." वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातल्या एका शेतकरी बापाचा हा घोर. मुलगा 23 वर्षांचा, स्वमग्न (म्हणजे ऑटिझम असलेला). (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) स्वमग्न मुलांचे आईबाप हेच विचारतात, म्हणून ही हकिकत.

वायगाव हळदीचा हा पट्टा. 2016 मध्ये तिला भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे त्या भागातल्या मालाची अधिकृत ओळख) मिळालं. हळकुंडं घरचीच. मुलाचा बेत असा, की हळद दळून विकायची आणि गावातल्या दोन दिव्यांग पोरांना कामाला घ्यायचं. सगळं वहीत लिहिलेलं, पाकिटाच्या मापासकट. बापाने वही उघडूनही पाहिली नव्हती.

त्याला बोलकं करायच्या भानगडीत मी पडले नाही. विक्रीला बचत गटाच्या बाया होत्याच, तोंडाने फटकळ नि व्यवहाराला पक्क्या. वजन, पाकीटबंदी, हिशेब त्याच्याकडे. ऑर्डर फक्त व्हॉट्सॲपवर, लिहून; कामात बदल असेल तर आदल्या दिवशी सांगायचा. चक्कीचा आवाज त्याला सोसत नाही, म्हणून दळायला बाप जातो, तोही सकाळी पहिल्या नंबरला. आधी मिरची दळलेली असली की हळद बिघडते, ही अट पोराचीच.

लुटण्याची भीती मात्र खरी होती, फक्त बाप बघत होता बाहेर. हळद कमी पडली की काका स्वतःची हळकुंडं द्यायचा, भावही तोच ठरवायचा आणि पुतण्याच्या वतीने 'हो'ही तोच म्हणायचा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 13 नुसार आपला पैसा सांभाळायचा, बँकेचं कर्ज मागायचा हक्क त्याला इतरांइतकाच आहे. मदत करणाऱ्याचं हित एखाद्या व्यवहारात आड येत असेल, तर त्याने त्या व्यवहारापुरतं बाजूला व्हायचं, हेही त्यातच आहे. मी हे वाचून दाखवल्यावर काका चांगलाच तापला. आता तीन ठिकाणचे भाव लिहून येतात, मुलगा एकावर खूण करतो.

बापाला लगेच कर्ज काढून घरची चक्की टाकायची आहे. पोराने वहीत त्यापुढे 'नाही' लिहिलंय. आवाजामुळे.