फसलेल्या क्रांतीला क्रांती म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: ‘१८४८ साली युरोपात ठिकठिकाणी लोक राजांविरुद्ध उठले, त्यावर लेख लिहितोय. “अयशस्वी क्रांती” लिहू की “फसलेला उठाव”? फसली तर ती क्रांती कसली?’

क्रांतीच म्हणा. मराठीनं हे केव्हाच मान्य केलंय. ९ ऑगस्ट आपला क्रांतिदिन. १९४२ च्या त्या पहाटे गांधीजींसकट पुढारी गजाआड गेले आणि इंग्रज गेले ते पाच वर्षांनी. गोव्याचा क्रांतिदिन १८ जून. १९४६ साली मडगावच्या सभेत लोहिया बोलायला लागताच त्यांना पकडलं; पोर्तुगीज हटायला १९६१ चा डिसेंबर उजाडला. संध्याकाळी गादीवर कोण होतं, हे बघून आपण ही नावं ठेवलेली नाहीत. ‘क्रम्’ या धातूत पाऊल टाकणं, ओलांडणं आहे. संक्रांत त्याच घरातली. लोकांनी भीतीचा उंबरा ओलांडला, त्याला आपण क्रांती म्हटलं. मला हा वापर फार मोलाचा वाटतो.

तुमची खरी अडचण क्रियापदाची आहे. बंड मोडतात, उठाव चिरडतात. या दोन्हींत बोलतो तो राज्यकर्ता. ‘फसणं’ मात्र करणाऱ्याच्या बाजूचं. पुरणपोळी फसली असं करणारी म्हणते, कारण ती कशी व्हायला हवी होती हे तिच्या मनात असतं. म्हणजे फसायला आधी बेत लागतो, आणि १८४८ ला सगळ्यांचा मिळून एक बेत नव्हताच.

म्हणून सरसकट विशेषण नको, जागा बघून क्रियापद घ्या. फ्रँकफर्टच्या संसदेनं देऊ केलेला एकत्र जर्मनीचा मुकुट प्रशिया या जर्मन राज्याच्या राजानं १८४९ साली नाकारला. तिथे ‘जर्मनी एक करण्याचा बेत फसला’ चपखल बसतं. हंगेरीत ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या मदतीला रशियाची फौज उतरली, तिथे ‘उठाव चिरडला’. पण ऑस्ट्रियात जमीनदाराच्या शेतावरची वेठ सप्टेंबर १८४८ च्या कायद्यानं उठली, आणि सम्राटाची पकड पुन्हा बसल्यावरही ती परत आली नाही. तिथल्या कुळाच्या तोंडी ‘फसली’ कसं घालणार? तिथे ‘वेठ सुटली’ एवढंच लिहा.

‘अयशस्वी’ मी टाळीन. तो परीक्षेच्या निकालाचा शब्द आहे.

आणि ‘क्रांती’ दीर्घ, पण समासात ऱ्हस्व: क्रांतिदिन, क्रांतिकारक. तुमच्या शीर्षकात तेवढं तपासून घ्या.