टॅक्सची पावती आहे, खरेदीखत नाही

प्रश्न : कर्वेनगरमधला आमचा फ्लॅट सासऱ्यांनी 1994 मध्ये घेतला. ते आता नाहीत. घरात महापालिकेच्या टॅक्सच्या पावत्या सापडल्या, करारनामा कुठेच नाही. मुलगा म्हणतो, आता सगळं ऑनलाइन मिळतं. पण गावांच्या यादीत कर्वेनगर हे नावच नाही. नेमकं कोणत्या ऑफिसचं रेकॉर्ड बघायचं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, यादीत ‘हिंगणे बुद्रुक’ शोधा. कर्वेनगर हे राहणाऱ्यांचं नाव, सरकारदरबारी गाव हिंगणे बुद्रुकच. सहकारनगरवाल्यांना असंच पर्वतीत जावं लागतं आणि मॉडेल कॉलनीतल्या लोकांना भांबुर्ड्यात. नोंदणीच्या कामात माझी सगळी नोकरी गेली. काउंटरवर निम्मा वेळ लोकांना त्यांच्याच गावाचं नाव सांगण्यात जायचा.

आता रेकॉर्ड. टॅक्सची पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा, मालकीचा नव्हे. सातबारा आणि मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) ‘महाभूलेख’ या सरकारी संकेतस्थळावर दिसतात, पण त्यात जमिनीचा मालक असतो. तुमच्या फ्लॅटचं नाव तिथे शोधू नका. अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, झालं असेल तर सोसायटीचं नाव दिसेल, नाहीतर अजून मूळ जमीनमालक किंवा बिल्डर. फ्लॅट कुणी कुणाकडून घेतला, हे दुय्यम निबंधकाकडच्या, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या कचेरीतल्या, सूची क्रमांक 2 मध्ये असतं. सगळे त्याला इंडेक्स टू म्हणतात.

तो नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’मध्ये बघता येतो. गूगलवर आधी खासगी दुकानं येतात, पैसे मागतात. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे ना, तेवढं बघून आत जा. पण पुण्याच्या बाबतीत ही सूची भरवशाची धरायची ती 2002 पासून पुढची. तुमचा 1994 चा दस्त त्यात मिळेल, या आशेवर बसू नका.

मग ऑनलाइनचा उपयोग काय? आहे, आणि चांगला आहे. तुमच्याच इमारतीतला कुणाचा तरी फ्लॅट 2002 नंतर विकला गेला असेलच. त्याचा शोध घ्या. वर्ष, जिल्हा पुणे, तालुका हवेली, गाव हिंगणे बुद्रुक, आणि मिळकत क्रमांकाच्या रकान्यात नुसता सर्व्हे नंबर. हिस्सा, तिरपी रेघ काही लिहू नका. 24/3 असेल तर फक्त 24. यादी लांबलचक येईल. देणार, घेणार यांची नावं वाचत खाली जा. शेजाऱ्याची नोंद सापडली की त्याचा इंडेक्स टू उघडा. तुमच्या इमारतीचा सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, बिल्डिंगचं नाव दस्तात कसं लिहिलंय, ते तिथे शब्दशः मिळतं. तेच कागदावर उतरवून घ्या. सर्व्हे नंबरच माहीत नसेल, तर सोसायटीच्या नोंदणीच्या कागदांवर तो असतो.

पुढचं काम पायी. हवेलीची दुय्यम निबंधक कार्यालयं आकड्यांनी ओळखली जातात आणि शहरभर विखुरलेली आहेत. पत्ते विभागाच्याच संकेतस्थळावर मिळतात. तुमचा दस्त कुठल्या हवेलीत, हे ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे त्याच वर्षी त्याच बिल्डरकडून फ्लॅट घेतलेला शेजारी. बिल्डर बहुतेक सगळे करारनामे एकाच कचेरीत नोंदवत. शेजाऱ्याच्या करारनाम्यावरच्या नोंदणीच्या शिक्क्यात हवेली आणि पुढे आकडा दिसेल. सोसायटीच्या सेक्रेटरींकडेही एकदा विचारा. सभासद करून घेताना दिलेली झेरॉक्स फाइलमध्ये पडलेली असते. सासऱ्यांनी कर्ज काढलं असेल तर बँकेतही.

मग त्या कार्यालयात शोधाचा आणि नकलेचा अर्ज द्यायचा. शोधाचं शुल्क वर्षांवर लागतं, म्हणून ‘1990 ते 2000’ असं मोघम लिहू नका. टॅक्सची सर्वांत जुनी पावती बघून वर्ष नक्की करा. आणि कौन्सिल हॉलसमोरच्या नवीन प्रशासकीय इमारतीत जाऊ नका. तिथे राज्याची मुख्य कार्यालयं आहेत, तुमची नक्कल नाही. पुणेकरांना ती इमारत जवळ पडते, म्हणून हौसेनं जातात.

वारसाचं काय ते वकिलांना विचारा, पण नक्कल हातात आल्यावर.

प्रश्न : बावधनला प्लॉट आहे. महापालिका पुण्याची, पण हवेली तालुक्यात नोंद सापडत नाही.
– एक वाचक, बावधन

उत्तर : तुमचं बावधन बुद्रुक असणार. ते गाव 2021 मध्ये आलेल्या 23 गावांबरोबर महापालिकेत आलं, पण तालुका मुळशीच राहिला. बावधन खुर्द मात्र हवेलीत. सातबारा असो की ई-सर्च, तालुक्यात मुळशी निवडा. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत घरबसल्या निघतो. त्यासाठी पौडला, मुळशीच्या तालुक्याच्या गावी, जायची गरज नाही.