ट्रेलरमधला कॅटॅलिटिक हीटर: रात्री चालू ठेवावा का?

प्रश्न: आम्ही कोलोरॅडोत राहतो, जुना ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) घेतलाय, त्यात प्रोपेनचा कॅटॅलिटिक हीटर आहे. ज्वाळाच दिसत नाही म्हणजे सेफच ना? आणि टिकतो किती?

उत्तर: ज्वाळा नाही म्हणून बिनधास्त झोपू नका हो! प्लॅटिनम लावलेल्या पॅडवर गॅस ज्वाळेशिवाय जळतो खरा, पण ऑक्सिजन तुमच्याच खोलीतला खातो आणि कार्बन डायऑक्साइड नि वाफ आतच सोडतो, म्हणून खिडक्यांना सकाळी पाणी सुटलेलं दिसतं. मॅन्युअलमध्ये सांगितल्याएवढी खिडकी आणि छताचा व्हेंट उघडा ठेवायचाच, थंडी वाजली तरी. त्यात तुमच्याकडे उंचीवर हवा आधीच विरळ. झोपताना बंद करा, रजई आहे की.

आयुष्याचं म्हणाल तर वर्षांपेक्षा पॅडची निगा महत्त्वाची. धूळ, कुत्र्याचे केस, हेअरस्प्रे यांनी पॅड मरतो, म्हणून वापर नसताना कव्हर घाला. चालू असताना पॅडवर थंड डाग राहिले किंवा गॅसचा वास येत राहिला तर हीटर बंद, सिलिंडर बंद, मग मेकॅनिक.

प्रोपेन हवेपेक्षा जड, त्याचा डिटेक्टर जमिनीलगत हवा. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म वेगळा, त्याच्यावरची एक्सपायरी आजच बघा, जुन्या ट्रेलरमध्ये ती बरेचदा उलटलेली असते.